गळा जपा, मनही जपा: नव्याने संगीत शिकवू लागलेल्यांसाठी

संगीत शिकवायला लागणाऱ्या बहुतेकांना गाता-वाजवता छान येतं. शिकवायचं कसं, हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मग आपण जसे शिकलो तसंच पुढे शिकवलं जातं. ज्यांच्यावर आवाज चढवला गेला ते आवाज चढवतात, आणि त्या काळात वर्गाच्या दारापर्यंत जाताना पोटात गोळा यायचा हे विसरूनही जातात.

हा लेख अशा नव्या शिक्षकांसाठी आहे. तुम्ही गाणं शिकवा, पेटी, तबला, गिटार किंवा व्हायोलिन शिकवा. समोर सात वर्षांचं मूल असो नाहीतर साठीचे आजोबा असोत. माझं म्हणणं थोडक्यात सांगते. शिकवण्यातली माया गोड बोलण्यावर भागत नाही. विद्यार्थी चुकतोय तो नेमका कशामुळे, हे शोधण्याची मेहनत शिक्षकाने घेतली की माया तिथे दिसते. शिक्षकाचा राग बऱ्याचदा तेव्हाच उसळतो, जेव्हा त्याला कारण सापडलेलं नसतं आणि तीच चूक पाचव्यांदा ऐकावी लागते.

आधी बोलून घ्या

पहिल्या तासाच्या आधी पंधरा-वीस मिनिटं नुसती गप्पांसाठी ठेवा. वाद्य बाहेर काढू नका. काय ऐकायला आवडतं, शिकावंसं का वाटलं, आधी कुठे शिकलात का, मध्येच का सुटलं, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कान देऊन ऐका. ‘मला गाता येत नाही असं शाळेत सांगितलं होतं’ हे वाक्य मोठ्या माणसांकडून इतक्या वेळा येतं, की त्याची तयारी ठेवूनच बसावं. त्यावर लगेच ‘छे छे, येतं तुम्हाला’ म्हणायची घाई नको. अजून तुम्ही त्यांचं गाणं ऐकलेलंही नाही. ‘बरं, आपण बघू’ एवढं पुरतं.

तब्येतीचंही विचारा. कमी ऐकू येतं का, दमा आहे का, मनगट किंवा खांदा दुखतो का, अक्षरं वाचायला त्रास होतो का. मूल असेल तर हे पालकांना विचारा, पण मुलाला बाहेर बसवून नव्हे. त्याच्याबद्दलचं बोलणं त्याच्यासमोर, त्याला मान देऊन करता येतं.

पट्टी आणि वाद्य त्याच्या मापाचं हवं

नव्या शिक्षकाकडून सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो, आणि तोही नकळत.

पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारण १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास असतो. लहान मुलाचा त्याच्या दुपटीहूनही वर, म्हणजे एक सप्तक वरचा. शिक्षक आपल्या सोयीच्या पट्टीत ‘सा’ लावतो आणि मुलाला म्हणतो, ‘हा म्हण.’ मुलाच्या गळ्यात तो स्वर नसतोच. ते खाली शोधत राहतं, गुरगुरतं, शेवटी मधलाच कुठला तरी स्वर धरतं. मग शिक्काच बसतो: सूर लागत नाही. त्या मुलाच्या कानात काहीही बिघाड नसतो. खरोखर स्वरांमधला फरकच न कळणारी माणसं असतात, पण फार विरळा.

म्हणून पुरुष शिक्षकाने लहान मुलांना स्वर देताना पेटीवर किंवा दुसऱ्या वाद्यावर मुलाच्या सप्तकातला स्वर वाजवावा, किंवा चांगलं गाणाऱ्या एखाद्या मुलाला आधी गायला लावावं. मूल मुलाचा स्वर पटकन उचलतं. तेही जमलं नाही तर उलटं करा. मुलाला कुठलाही एक स्वर सहज लावू द्या, तुम्ही तो पेटीवर शोधा आणि त्यालाच ‘सा’ माना. आपला स्वर शिक्षकाने उचलला, याचा मुलांना फार आनंद होतो. तिथून अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकत जा.

मुलग्यांचा आवाज साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान फुटतो आणि जवळपास सप्तकभर खाली येतो. स्वरतंतू लांब आणि जाड होत असतात. काल लागणारा स्वर आज चिरकतो. मुलींचा आवाजही या वयात थोडा उतरतो, त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते. या काळात पट्टी दर महिन्याला तपासा, वरचे स्वर ताणायला लावू नका आणि मुलाला आधीच सांगून ठेवा: ‘हे होणार आहे, सगळ्यांचं होतं, गाणं थांबवायचं कारण नाही.’ हे कुणी सांगितलं नाही, म्हणून चांगली गाणारी कितीतरी मुलं याच वर्षांत गाणं सोडून देतात.

वाद्याचंही तसंच. व्हायोलिन १/१६ पासून पूर्ण मापापर्यंत मिळतात, ते उगाच नाही. ‘वाढेल तो, मोठंच घ्या’ असा सल्ला पालकांना देऊ नका. हात ताणून वाजवायची सवय लागली की ती मोडायला पुढे वर्षं जातात. पेटीपुढे बसलेल्या मुलाचे खांदे कानाकडे चढत असतील तर त्याला उंच बसवा. गिटारच्या तारा फळीपासून फार वर असतील तर नवशिक्याची बोटं सोलवटतात आणि बिचारा समजतो की आपलीच बोटं नाजूक. वाद्य आधी तुम्ही स्वतः वाजवून बघा.

पहिल्या तासाला काहीतरी पुरं होऊ द्या

पहिल्या दिवशी पूर्ण वाजवता किंवा गाता येईल असं काहीतरी विद्यार्थ्याच्या हाती लागायला हवं. चार स्वरांची ओळ असली तरी चालेल. नियम, बैठक, वाद्याच्या भागांची नावं हे सगळं पुढे येतंच. घरी गेल्यावर ‘आज काय शिकलास?’ असं कुणी विचारलं, तर त्याला ते करून दाखवता आलं पाहिजे.

जपानमध्ये शिनिची सुझुकी यांनी १९४६ पासून मात्सुमोतोत व्हायोलिन शिकवायला सुरुवात केली, ती एका साध्या निरीक्षणावरून. प्रत्येक मूल आपली मातृभाषा बोलायला शिकतं. कारण ते ती रोज ऐकतं, आणि एकेका शब्दाला घरचे आनंदाने दाद देतात. त्यांच्या पद्धतीत पालकही तासाला बसतात, शक्य तिथे आधी थोडं स्वतः वाजवायला शिकतात, आणि मूल ती गाणी वाजवायच्या कितीतरी आधीपासून ऐकत असतं. ही पद्धत सगळी उचलायची गरज नाही, पण आधी भरपूर ऐकवणं मात्र उचलाच. जे कानात नाही ते गळ्यात किंवा बोटांत उतरत नाही.

चूक ऐकू आली की लगेच थांबवू नका

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं इथे ठरतं.

चूक झाली की हात वर करून थांबवायची सवय शिक्षकांना फार लवकर लागते. ओळ पुरी होऊ द्या. अर्ध्यात तोडलं की विद्यार्थी पुढच्या वेळी त्या जागेच्या आधीच दचकतो, आणि चुकीपेक्षा ती दचक जास्त पक्की होते. ओळ संपली की आधी स्वतःला विचारा: ही चूक कानाची आहे, श्वासाची, बोटांची, लक्षात न राहण्याची की भीतीची? पाचांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि ‘पुन्हा म्हण’ हा त्यांतल्या एकाचाही उपाय नाही.

समजा, नऊ वर्षांची मुलगी ‘प म ग रे सा’ गातेय आणि दर वेळी तिचा ग उतरतो. घाईत आपण म्हणू, ‘ग बघ, उतरतोय.’ ती जोर लावते, मान पुढे काढते, ग आणखी बिघडतो. त्याऐवजी तिला तंबोऱ्यावर नुसता ग लावायला सांगा. बरोबर लागला? म्हणजे कान ठीक आहे. आता सा वरून थेट ग. तोही बरोबर? म्हणजे अंतरही कळतंय. मग पूर्ण ओळ पुन्हा ऐका, पण या वेळी स्वराकडे नको, तिच्या खांद्यांकडे आणि पोटाकडे बघत ऐका. मागची ओळ आणि ही ओळ ती एकाच श्वासात ओढते आहे, आणि ग येईपर्यंत श्वास सरलेला असतो. उपाय काय? प च्या आधी श्वास घ्यायचा. एवढंच. ग चं नावसुद्धा काढायची गरज पडत नाही आणि ग जागेवर येतो. तिला मात्र सांगा की तुझा कान आधीपासून बरोबर होता. ही खरी बाब आहे आणि तिला ती कळायला हवी.

तबल्यातही हेच. ‘तिरकिट’ हा बोल दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, गेला की विस्कटतो. आधी वाजवायला लावूच नका. हाताने टाळी देत बोल म्हणायला सांगा. ही पढंतच अडखळली तर बोल अजून डोक्यात बसलेले नाहीत, तिथे हाताला दोष देऊन उपयोग नाही. पढंत सफाईदार असेल तर खांदा आणि मनगट बघा. बहुतेक वेळा लय वाढली की खांदा आवळलेला असतो. मग लय इतकी खाली आणा की खांदा सैल राहील, आणि तिथून हळूहळू चढवा. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, असेल तर एका वेळी मिनिटाला दोन-तीन ठोक्यांपेक्षा जास्त वाढवू नका.

लयच हलत असेल तर विद्यार्थ्याला उभं करा आणि चालायला लावा. एमिल जाक-दालक्रोझ हे संगीतशिक्षक स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात शिकवत होते. तिथले विद्यार्थी कागदावर स्वररचना बरोबर सोडवायचे, पण त्या त्यांच्या कानात आणि अंगात उतरलेल्या नसायच्या. त्यातून दालक्रोझ यांनी चालून, हात हलवून, अंगाने लय शिकवण्याची पद्धत बसवली. तुमच्या खोलीत चार पावलांची जागा असली तरी पुरे. चालताना पायाने मात्रा धरायच्या, वर गायचं किंवा टाळी द्यायची. मोठी माणसं सुरुवातीला संकोचतात. तुम्ही त्यांच्याबरोबर चाला.

एका तासाला एकच दुरुस्ती घ्या. फार तर दोन. तुम्हाला सात चुका ऐकू आल्या तरी पाच वहीत लिहून ठेवा. ज्या एका दुरुस्तीने बाकीच्या दोन-तीन आपोआप सुटतील ती आधी निवडायची. ती बहुतेक वेळा बैठक किंवा श्वास असते.

तोंडातून काय जाऊ द्यायचं

‘बेसूर’ हा शब्द स्वराबद्दल वापरता येतो, माणसाबद्दल नाही. ‘हा नी जरा चढला’ म्हटलं की त्यावर काम करता येतं. ‘तुला सूर नाही’ म्हटलं की करण्यासारखं काही उरत नाही. दुसऱ्याशी तुलना अजिबात नको. भावंडं एकाच वर्गाला येत असतील तर विशेष जपा.

कौतुकही नेमकं हवं. ‘वा, छान’ हे दर ओळीला ऐकलं की मुलांना त्यातला पोकळपणा दोन तासांत कळतो. ‘आज तू सम (तालाची पहिली मात्रा) गाठायला घाई केली नाहीस’ हे कौतुक ते घरी जाऊन सांगतात. आणि चांगलं झालेलं नसताना चांगलं म्हणू नका. विद्यार्थ्याला स्वतःला कळतं, आणि मग तुमच्या खऱ्या कौतुकावरचाही त्याचा विश्वास उडतो.

मारून, टोमणे मारून कलावंत घडतो असं मानणारे अजून भेटतील. त्यांना एवढंच सांगा, की घडलेले दिसतात, सोडून गेलेले कोण मोजणार? घाबरलेल्याचा गळा आवळतो, हात थरथरतात, श्वास वर चढतो. संगीताला लागणारं सगळं भीतीने नेमकं बंद होतं.

घरचा रियाज

नवशिक्याला तासभर रियाज सांगू नका. लहान मुलाला रोज दहा मिनिटं, मोठ्याला वीस मिनिटं, जमल्यास दोन वेळांत वाटून. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज थोडं केलेलं जास्त टिकतं. मध्ये झोप झाली की हाताला आणि कानाला ते बसायला वेळ मिळतो.

वहीत काय लिहायचं ते स्पष्ट लिहा. ‘अलंकार करणे’ असं नको. ‘पहिला अलंकार, सावकाश, पाच वेळा, तिसऱ्या ओळीआधी श्वास’ असं हवं. अवघड जागा शेवटाकडून बसवायला सांगा: आधी शेवटची मात्रा, मग तिच्या आधीच्या दोन मात्रांपासून शेवटपर्यंत, मग त्याही आधीपासून. म्हणजे विद्यार्थी दर वेळी अनोळखी जागेतून निघून आधीच येत असलेल्या जागेत पोचतो आणि धीर वाढत जातो.

रियाज झाला नसेल तर ते सांगायची भीती वाटता कामा नये. ‘या आठवड्यात जमलं नाही’ असं कुणी म्हटलं तर तो तास इथेच रियाज करण्यासाठी वापरा. कसा करायचा हे तुमच्या समोर करून घ्या. खोटं बोलायची वेळ आणली की पुढे काहीच खरं कळत नाही. सलग तीन-चार आठवडे होत नसेल तर मात्र बसून बोला. वेळ नाही, वाद्य घरी नाही, घरात कुणाला आवाज चालत नाही, की मुळात त्याला हे शिकायचंच नाहीये?

स्पर्श, दार आणि फोन

मनगट धरून दाखवणं, पाठीला हात लावून श्वास दाखवणं या शिकवण्यातल्या सवयीच्या गोष्टी आहेत. त्याआधी विचारायचं, दर वेळी: ‘मनगट धरून दाखवू का?’ नाही म्हटलं तर विषय संपला, कारण विचारायचं नाही. बहुतेक गोष्टी स्वतःच्या अंगावर दाखवता येतात. श्वासासाठी विद्यार्थ्याने स्वतःचा हात स्वतःच्या बरगडीवर ठेवावा, आरशात बघावं.

दार उघडं ठेवा, किंवा दाराला काच असावी. मुलांच्या पालकांनी कधीही येऊन बसावं, हे पहिल्याच दिवशी सांगा. लहान मुलांना खाजगी मेसेज पाठवू नका. जे सांगायचं ते पालकांना, किंवा पालक असलेल्या गटात. गाण्याचं रेकॉर्डिंग कुठेही टाकण्याआधी परवानगी घ्या, आणि ती मुलाचीही घ्या.

कानही जपा. बऱ्याच ठिकाणी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा मानली जाते, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला एकच तास. लहान खोलीत ड्रम किंवा चार-पाच तालवाद्यं एकदम वाजली की हा आकडा सहज ओलांडला जातो. फोनवरच्या अ‍ॅपने अंदाजे मोजता येतं. जाड पडदे, सतरंजी, कानातले बोळे, मधली विश्रांती यांतलं जमेल ते करा. तुमचे कान तर दिवसभर तिथेच असतात.

एकत्र वर्ग असेल तर

१९०१ मध्ये गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि गाणं वर्गात बसून शिकता येण्याची वाट रुंद झाली. त्या सोयीबरोबर एक अडचणही येते: सगळ्यांना एक पट्टी. दहा जणांत दोघांना ती उंच पडतेच. त्यांना मागे बसवून तोंड हलवायला सांगणं हा सगळ्यात वाईट उपाय. निम्मा वेळ एका पट्टीत, निम्मा दुसऱ्या पट्टीत घ्या. ज्यांना झेपत नाही त्यांना त्या वेळी ताल धरायचं काम द्या, आणि ते काम खरंच महत्त्वाचं आहे अशा तऱ्हेने द्या. एकेकट्याला सगळ्यांसमोर गायला सांगण्याआधी जोडीने गाऊ द्या.

कार्यक्रम आणि परीक्षा

मंचावर जाण्याची सक्ती नको, निमंत्रण हवं. कार्यक्रमासाठी विद्यार्थ्याला येतं त्याहून एक पायरी सोपी चीज निवडा, कारण घाबरल्यावर त्यातलं थोडं गळणारच. मध्येच विसरलं तर कुठून उचलायचं, अशा दोन-तीन जागा आधी ठरवून त्यांचा सराव करा. ‘विसरणारच नाही’ असा धीर देण्यापेक्षा हे जास्त कामाला येतं. साथीला शक्यतो तुम्ही स्वतः बसा. कार्यक्रमानंतर त्या दिवशी एकही दुरुस्ती सांगू नका.

कुणी रडलं तर, कुणी सोडून चाललं तर

रडू आलं की वाद्य बाजूला ठेवा, पाणी द्या, थांबा. ‘यात रडण्यासारखं काय आहे’ हे वाक्य टाळा. कारण सांगावंसं वाटलं तर ऐका. गाण्याचं नसेल, घरचं किंवा शाळेचं असेल तरी ऐका. उरलेल्या वेळात त्याला आवडणारं काही ऐकवलं तरी तास वाया गेला असं होत नाही. मुलाला कुणी इजा करतंय असं त्याच्या बोलण्यातून जाणवलं, तर ते गुपित ठेवण्याचं वचन देऊ नका. जबाबदार मोठ्या माणसापर्यंत किंवा बालसंरक्षणाचं काम करणाऱ्यांपर्यंत पोचवा.

काही जण सोडून जातील. काहींना वाद्य बदलावंसं वाटेल, काहींची वाट तुम्हाला येत नसलेल्या शैलीकडे असेल. अशा वेळी ‘इतकं शिकवलं आणि’ असं मनातसुद्धा येऊ देऊ नका. शेवटच्या तासाला एका कागदावर लिहून द्या: कोणत्या पट्टीत सहज गातो, काय काय झालंय, कशावर काम चालू होतं, कशाने उत्साह येतो, कोणत्या गोष्टीने घाबरतो. तो कागद आधी विद्यार्थ्याला वाचायला द्या, त्याला पटला नाही तो भाग खोडा, आणि मग पुढच्या शिक्षकाकडे न्यायला सांगा.